सिस्टरांचे धुणे

कॅथलिक धर्मभगिनींच्या पेहरावाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुतेक दुरून पाहणाऱ्यांचे बोलणे असते. कोणाला त्यात पावित्र्य दिसते, कोणाला बंधन दिसते, कोणाला परकेपणा दिसतो; कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना शिस्त आठवते. पण तो कपडा धुते कोण, पुण्याच्या जुलै महिन्यात तो वाळतो कसा, डोक्यावरचे वस्त्र वाऱ्यात जागेवर राहते कशाने आणि हेल्मेट घालायची वेळ आली की त्याचे काय करायचे, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला ते पडले, याचे कारण मी कॅम्पातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये केरळ आणि झारखंडमधून आलेल्या सिस्टरांना मराठी शिकवते आणि आमच्या वर्गाची खोली त्यांच्या शिवणखोलीला लागून आहे. पिळणे, झटकणे, वाळत घालणे, घडी घालणे ही क्रियापदे त्या माझ्याकडून शिकल्या नाहीत. ती त्यांना गच्चीवर आधीच पाठ झाली होती.

शिवणखोलीचा कारभार वसईकडच्या एका वयस्कर सिस्टरांकडे आहे. बाकीच्या मला ‘टीचर’ म्हणतात, त्या मात्र ‘बाई’ म्हणतात. पायमशीन, कापडाच्या ताग्यांचे लाकडी कपाट आणि ज्यावर बेतणे आणि इस्त्री करणे ही दोन्ही कामे चालतात असे एक लांबलचक टेबल, एवढेच तिथले सामान. त्या टेबलावर शिरोवस्त्र तयार होताना मी पुष्कळदा पाहिले आहे. दुरून ते एक साधे फडके वाटते, पण त्याचे दोन भाग असतात: कपाळाच्या वर बसणारी पट्टी आणि तिला जोडलेले, मागे पाठीवर येणारे कापड. पट्टी ताठ राहावी म्हणून तिच्या आत बकरम, म्हणजे कडक कापड, घातलेले असते. ते जाड झाले तर संध्याकाळी कपाळावर वळ उठलेला दिसतो. पातळ झाले तर घामाने दुपारपर्यंत पट्टी मऊ पडते आणि सगळे वस्त्र मागे घसरू लागते. मागच्या कापडाला मधोमध चुण्या घालतात, आणि त्या चुण्या दोन्ही खांद्यांवर सारख्या पडल्या नाहीत तर प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावरून लगेच लक्षात येते. पट्टीची टोके केसांखालून मानेशी बांधतात, कानांच्या थोडे वर दोन पिना लावतात, झाले. तरुण सिस्टरांना नाडीऐवजी वेल्क्रो हवे असते, कारण ते एका हाताने लावता येते. वसईच्या सिस्टरांचे म्हणणे असे की वेल्क्रोत केस अडकतात, धुतल्यावर त्यात कापडाचे तंतू जाऊन बसतात आणि वर्षभरात ते धरेनासे होते. त्यापेक्षा टिचबटण बरे. हा वाद मी आल्यापासून चालू आहे आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा भरपूर आहे.

केसांविषयी लोकांचा एक सार्वत्रिक समज असा, की सिस्टरांचे मुंडण केलेले असते. शाळा-दवाखान्यांत काम करणाऱ्या धर्मभगिनींच्या बहुतेक संघांत असा काही नियम नाही. केस आखूड कापतात किंवा घट्ट अंबाडा बांधतात, तेही सोयीसाठी, कारण दिवसभर झाकलेल्या डोक्याला उन्हाळ्यात घाम येतो, कोंडा होतो आणि पट्टी नेहमी एकाच जागी आवळली जात असल्याने कपाळाजवळचे केस विरळ होत जातात. ‘रोज बोटभर मागे-पुढे बांध, एकाच जागी बांधू नको,’ हा सल्ला नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात मिळतो. तो कोणत्याही नियमावलीत नाही. आईने मुलीला सांगावा तसा तो एकीकडून दुसरीकडे येतो.

धुण्याचा प्रश्न याहून मोठा. या संघाचा झगा फिकट तपकिरी आहे. व्रत घेतलेल्यांचे शिरोवस्त्र त्याच रंगाचे आणि नवशिक्यांचे पांढरे. नव्या मुलीला पांढरे वस्त्र देण्याची ही रीत पुष्कळ संघांत आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे नवशिक्यांचा काळ निदान बारा महिन्यांचा असतो, आणि या बारा महिन्यांत पांढरे कापड पांढरे ठेवणे हे एक वेगळे शिक्षणच होते. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी लागले की साबणाचा फेस होत नाही आणि पांढरे कापड हळूहळू पिवळट-करडे पडते. मग नीळ. नीळ जास्त झाली की पट्ट्यापट्ट्यांनी बसते, म्हणून ती आधी तांब्यात कालवून, गाळून, मग बादलीत घालायची. स्वयंपाकाची पाळी असलेल्या मुलीच्या बाहीवर हळद पडली की साबण लावून घासण्यापेक्षा कपडा कडक उन्हात टाकायचा; हळदीचा रंग उन्हाने उडतो. दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरांच्या बाहीवर आयोडिनचे डाग असतात, शाळेतल्यांच्या बाहीवर फळ्याच्या मार्करची शाई, आणि ती स्पिरिटने पुसूनच काढावी लागते. धुणाऱ्या पाळीतल्या सिस्टरला डागावरून सांगता येते की हा कपडा कोणाचा. तसे सांगण्याची गरज मात्र नसते, कारण प्रत्येक कपड्याच्या आतल्या दुमडीवर तांबड्या दोऱ्याने एक आकडा काढलेला असतो. सगळ्यांचे कपडे एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे असले, की आकड्याशिवाय दुसरा इलाज नाही. एकोणिसावा आकडा घेऊन आलेली मुलगी दुसऱ्या गावच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली की तो उसवायचा आणि तिथला नवा घालायचा. उसवलेल्या जागेची बारीक भोके बरेच दिवस दिसतात, आणि जुन्या झग्याच्या दुमडीत अशा दोन-तीन जागा सापडल्या की त्या सिस्टर कुठेकुठे राहून आल्या याची विचारपूस आपोआप सुरू होते.

कापड कोणते घ्यायचे, यावर तर अंत नाही. सुती कापड पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत अंगाला बरे वाटते, पण त्याला खळ हवी, इस्त्री हवी, आणि पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलसर राहून त्याला कुबट वास येतो. टेरिकॉट रात्रीतून वाळते, चुरगळत नाही, टिकते जास्त, पण उन्हाळ्यात त्यात जीव गुदमरतो आणि गॅसजवळ रुंद बाह्यांचे टेरिकॉट धोक्याचे असते; पेट घेतले तर ते वितळून कातडीला चिकटते. म्हणून इथे झगा मिश्र कापडाचा, शिरोवस्त्र सुती, आणि स्वयंपाकाच्या पाळीला बाह्या कोपरापर्यंत वर करून वरून एप्रन, शिरोवस्त्राची टोके पाठीमागे पिनेने एकत्र धरलेली, अशी तडजोड ठरली आहे. माझ्या मते ती शहाणपणाची आहे.

हे सगळे किरकोळ वाटत असेल, तर मी सहाव्या शतकातल्या एका मजकुराकडे लक्ष वेधू इच्छिते. इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली आणि जी पुढे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्याही असंख्य मठांनी स्वीकारली, तिचे ५५वे प्रकरण कपड्यांविषयी आहे. तिथे म्हटले आहे, की कपडे जागा आणि हवामान पाहून द्यावेत, थंड प्रदेशात जास्त आणि उष्ण प्रदेशात कमी. प्रत्येकाला दोन अंगरखे पुरेत, कारण रात्रीसाठी आणि धुण्यासाठी एकाला दुसऱ्याची जोड लागते. रंगावरून किंवा जाडेभरडेपणावरून कुरकूर करू नये, त्या प्रांतात जे मिळते आणि स्वस्तात मिळते ते वापरावे. आणि कपडे आखूड नसावेत, ज्याचे त्याच्या मापाचे असावेत. खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी जी पट्टी आज पुष्कळांना केवळ धार्मिक खूण वाटते, त्या स्कॅप्युलरचा उल्लेखही तिथे ‘कामासाठी’ असाच येतो. दीड हजार वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिले, त्याने धुण्याचा विचार केला होता. धुणे, हवामान, माप आणि किंमत या गोष्टी व्रताच्या बाहेरच्या नाहीत, हे मला या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही प्रवचनातून दिसलेले नाही.

मग तो कपडा पुढे इतका अवजड कसा झाला? पुष्कळ संघांच्या बाबतीत कारण सारखेच आहे. संस्थापिकांनी आपल्या काळातला साधा, गरिबांचा किंवा विधवांचा पेहराव घेतला. जग पुढे गेले आणि तो पेहराव तिथेच थांबला. फ्रान्समध्ये १६३३ साली संत व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ सुरू केला, तेव्हा त्यातल्या मुली पॅरिसच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायकांसारख्याच कपड्यांत गोरगरिबांच्या घरी जात. त्याच कपड्यातली डोक्यावरची साधी टोपी कालांतराने खळ देऊन ताठ केलेली, दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरलेली झाली. दारातून जाताना मान तिरकी करावी लागे, शेजारी उभे असलेले माणूस दिसत नसे, आणि ती धुऊन खळ देऊन पुन्हा घडवायला वेळ लागे तो वेगळाच. ज्या कपड्याचा हेतू रुग्णाच्या खाटेजवळ सहज जाता यावे हा होता, तोच रुग्णाच्या तोंडाजवळ वाकू देईना. २० सप्टेंबर १९६४ रोजी त्या संघाने ती टोपी उतरवली.

बदलाची सूचना त्याआधीच वरून आली होती. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी स्त्री-संघांच्या प्रमुखांना पेहराव साधा आणि आरोग्याला धरून करण्यास सांगितले होते. पण खरा निर्णय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या, व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयीच्या हुकुमाच्या १७व्या परिच्छेदात म्हटले आहे, की हा पेहराव साधा, शालीन, गरिबीला शोभणारा आणि तरीही नेटका असावा. तो आरोग्याला, काळाला, स्थळाला आणि हाती घेतलेल्या सेवेला अनुकूल असावा. आणि जो तसा नसेल तो बदलावा. पुढे १९८३च्या कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेच्या ६६९व्या कलमाने पेहराव ही व्रताची खूण आणि गरिबीची साक्ष म्हणून कायम ठेवली, पण त्याचे स्वरूप ठरवणे ज्या त्या संघाच्या नियमांवर सोपवले. म्हणून आज पुण्यातच झगा-शिरोवस्त्र, साडी, सलवार-कमीज आणि बिनाखुणेचे साधे कपडे असे सगळे प्रकार दिसतात आणि सगळेच नियमात बसतात.

भारतात हा विचार परिषदेच्या आधीच एका बाईने कृतीत आणला होता. १९४८ साली कलकत्त्यात मदर तेरेसा लोरेटो संघाचा झगा उतरवून निळ्या काठाची पांढरी सुती साडी नेसून बाहेर पडल्या. त्यांच्या संघाच्या साड्या कलकत्त्याजवळ टिटागढच्या केंद्रात कुष्ठरोगातून गेलेल्या माणसांच्या मागावर विणल्या जातात, आणि प्रत्येक सिस्टरकडे अशा तीन साड्या असतात. बेनेडिक्टच्या हिशेबापेक्षा एकच जास्त. बंगालच्या पावसाळ्यात ती हवीच. आपल्या पुण्यात शिवाजीनगरला १९२७ साली जॅक विन्सलो यांनी सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमातले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, बंधू खादी वापरत, आणि त्याच जागी १९७०च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मभगिनींनी मिळून आश्रम चालवला, तेव्हाही भारतीय वेष हा त्यांच्या विचाराचा भाग होता.

पुण्याला या विषयाकडे पाहताना आणखी एक आठवण आडवी येते आणि ती टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. या शहराच्या पेठांनी केशवपन केलेल्या, आलवण नेसलेल्या विधवा पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. माझ्या आजीला सिस्टर दिसल्या की तिच्या तोंडून हमखास ‘बिचारी’ असे निघे, ते त्याच सवयीने. झाकलेले डोके, एकरंगी कपडा, दागिने नाहीत, हे सगळे तिच्या डोळ्यांना ओळखीचे होते. पण आलवण बाईवर लादलेले होते, तिच्या दुर्दैवाची शिक्षा म्हणून. हा कपडा बाई वयात आल्यावर, वर्षानुवर्षे विचार करून, मागून घेते आणि शेवटची व्रते घेईपर्यंत परत करू शकते. हा फरक मला निर्णायक वाटतो. अर्थात मागून घेतलेल्या कपड्याचा तपशील कोण ठरवतो, हा प्रश्न तरी उरतोच, आणि तो पुण्याच्याच एका विदुषीने फार पूर्वी विचारला होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असा वाद त्यांनी त्या भगिनींशी पत्रांतून घातला. श्रद्धा मान्य करून तिच्या खुणेविषयी जाब विचारण्याचा हा हक्क त्यांनी सोडला नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आजचे पेच वेगळे आहेत. त्यात पहिला दुचाकीचा. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना; शिरोवस्त्राला नाही, आणि नसावीच असे माझे मत आहे. बकरमच्या पट्टीवर हेल्मेट नीट बसत नाही, ते वर उचललेले राहते आणि अपघातात कामाचे नसते. म्हणून शाळेत शिकवणाऱ्या एक तरुण सिस्टर शिरोवस्त्र प्लॅस्टिकच्या डब्यात सपाट ठेवून डबा स्कूटरच्या डिकीत टाकतात, डोक्याला पातळ सुती टोपी, तोंडाला पुण्याच्या इतर मुलींसारखा स्कार्फ आणि वर हेल्मेट. शाळेच्या आवारात स्कूटर लावली की गाडीच्याच आरशात पाहून पट्टी बांधायची, दोन पिना लावायच्या आणि वर्गावर जायचे. झग्याचा घेर चाकात जाऊ नये म्हणून तो दोन्ही बाजूंनी आवळायला त्यांनी आतून बटणे लावून घेतली आहेत. वसईच्या सिस्टरांनीच ती लावून दिली, आधी थोडे बोलून.

दुसरा पेच ओळखपत्रांचा आणि तपासणीचा. पासपोर्टच्या फोटोत धर्माच्या कारणाने डोके झाकलेले चालते, मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसायला हवा. त्यामुळे फोटोच्या दिवशी पट्टी नेहमीपेक्षा मागे बांधायची, हे ठरलेले. एमआरआयच्या खोलीत पिना, क्रूस, अंगठी, सगळे काढावे लागते, तेव्हा नर्सिंग केलेल्या सिस्टर बाकीच्यांना आधीच बिनपिनेचे वस्त्र देऊन पाठवतात. परीक्षांचा प्रश्न जास्त दुखरा आहे. २०१५ साली वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेला कॉपी रोखण्यासाठी कपड्यांचे कडक नियम लावले गेले, आणि केरळात एका सिस्टरने शिरोवस्त्र आणि क्रूस उतरवण्यास नकार दिल्याने तिला परीक्षेला बसता आले नाही. नियमामागचे कारण मला समजते. पण महिला पर्यवेक्षिकेने बाजूच्या खोलीत तपासून आत सोडणे एवढे काही अवघड काम नव्हते.

आणि मग ओळखले जाण्याचा प्रश्न. स्वारगेटहून बसमध्ये चढलेल्या सिस्टरला कोणीतरी जागा देते आणि थोड्या वेळाने शेजारची बाई आपल्या मुलाचे आजारपण सांगू लागते. नाव विचारत नाही, धर्म विचारत नाही, फक्त ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणते. झग्याशिवाय हे घडले नसते, असे सगळ्याच सिस्टर सांगतात, आणि दमून परत येतानासुद्धा हे ऐकून घ्यावेच लागते, हेही सांगतात. याच ओळखीची दुसरी बाजू मार्च २०२१मध्ये झाशीला दिसली. रेल्वेने जाणाऱ्या दोन सिस्टर आणि त्यांच्याबरोबरच्या, अजून साध्याच कपड्यांत असलेल्या दोन तरुणी यांना धर्मांतराच्या संशयावरून गाडीतून उतरवले गेले. संशय निराधार ठरला. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला निघताना पिशवीत एक सलवार-कमीज ठेवायचा, अशी सूचना इथल्या तरुण मुलींना मिळते. व्रताची खूण म्हणून घेतलेला कपडा केव्हा झाकायचा हे शिकवावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते. सूचना देणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांना मुली सुखरूप पोहोचायला हव्या आहेत.

संघाच्या पुढच्या बैठकीत पेहरावाचा विषय येणार आहे. तरुणींना कामाच्या दिवशी त्याच रंगाचा सलवार-कमीज आणि रविवारी व सणाला झगा अशी मोकळीक हवी आहे. ज्येष्ठ सिस्टरांपैकी काहींना ती मान्य आहे. काही म्हणतात, एकदा ‘कधी घालायचे’ असा प्रश्न सुरू झाला की रोज सकाळी कपाटासमोर उभे राहण्याची वेळ परत येईल, आणि तीच तर टाळण्यासाठी एकच कपडा घेतला होता. मला दोन्ही बाजू कळतात. माझा कौल मात्र स्कूटर चालवणाऱ्यांच्या आणि धुणे करणाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि तसे मी विचारले गेल्यावर सांगितलेही.

दरम्यान शिवणखोलीत एक निराळीच अडचण उभी राहिली आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या दुकानातून इतकी वर्षे कापड येत होते, तिथे या छटेचे तपकिरी कापड आता येत नाही. गिरणीने ती छटा बंद केली. मिळते ते किंचित लालसर. वसईच्या सिस्टरांनी जुन्या आणि नव्या कापडाचे दोन तुकडे खिडकीत उजेडाला धरून मला दाखवले आणि म्हणाल्या, ‘बाई, धुऊन धुऊन दोन्ही एकच होतील बघा.’ मग त्यांनी नव्या कापडाचे तीन तागे सांगितले, कारण एकदम घेतले तर मीटरमागे भाव कमी लागतो.